गोदेच्या वाळूत आखलेला राजवाडा

द्वारके,

काल तुझ्या भावानं तुझ्या अस्थी रामकुंडात सोडल्या. मी बायकांच्या घोळक्यात मागं उभी होते. गुरुजी मंत्र भराभर उरकत होते, कारण आमच्या मागं आणखी दोन घरची माणसं मडकी घेऊन ताटकळत होती. भावानं हात धुतले, पंच्याला पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हुशार होती हो. पण स्वतःच्या हातानं वाटोळं करून घेतलं." मी नुसती मान हलवली. मयताच्या माणसाशी काय भांडायचं?

परतताना टांग्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "पण त्या तिकडे डोंगरात, पेठला, गेल्या कशाला होत्या?" ह्याचं उत्तर गावात ज्याच्या त्याच्याकडे वेगळं आहे. कुणी म्हणतं तू चळवळीत होतीस. कुणी म्हणतं लाटसाहेबांची नक्कल केलीस, म्हणून सरकारनं काढलं. काहीजण आणखी वाईट बोलतात, ते मी लिहीत नाही. खरं काय झालं ते तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. आता तू नाहीस, म्हणजे ते सांगायची माझी एकटीचीच जबाबदारी. पण मला ते तुझ्याशी बोलल्याशिवाय नीट आठवतच नाही. इतकी वर्षं आपण दोघींनी प्रत्येक गोष्ट एकमेकींशी भांडूनच तर ठरवली.

भांडणं तरी कशावरून नाही झाली? तांबट आळीतल्या त्या दोन खोल्यांत आपण राहायला आलो तेव्हा घरमालकांनी बजावलं होतं, दोन्ही बाया विधवा, दोन्ही मास्तरणी, घर शांत राहील. खाली त्यांच्या हातोड्यांची ठकठक दिवसभर चालायची आणि वर आपली. तू भात गिचका करायचीस आणि वर म्हणायचीस, "यमे, भाताला काय परीक्षेला बसायचंय?" मुलींना छडी लावावी की नाही यावर आपण आठवडाभर बोलत नव्हतो. तू लावायची नाहीस. मी लावायची. तुझा वर्ग माझ्या वर्गापेक्षा गडबड्या होता आणि तुझ्या मुलींना माझ्या मुलींपेक्षा जास्त येत होतं. दुसरी गोष्ट मी तुझ्यासमोर कधी कबूल केली नाही.

आणि मग ते चित्र आलं.

दिल्लीला बड्या लाटसाहेबांसाठी नवा वाडा बांधून झाला होता. त्याचं मोठं रंगीत चित्र खात्याकडून शाळेत आलं आणि सोबत एक छापील माहितीचा कागद. चौथीच्या मुलींना ही माहिती द्यावी, डेप्युटीसाहेब वार्षिक तपासणीला येतील तेव्हा विचारतील, असा हुकूम. मोठ्या बाईंनी चित्र तुझ्या वर्गात लावलं. गुलाबी दगडाची भिंत, वर तांब्यानं मढवलेला काळपट घुमट, समोर रुंदच्या रुंद पायऱ्या. मी म्हटलं, "घोकून घे आणि मोकळी हो. आपल्या पोरींना त्या घराशी काय करायचंय? निम्म्यांच्या घरी पावसात पातेली मांडून ठेवावी लागतात."

तू चित्रासमोर उभी होतीस. म्हणालीस, "घर चांगलं बांधलंय, यमे."

"कुणासाठी बांधलंय?"

"ते पाथरवटांना विचार. त्यांनी बांधलंय, म्हणून चांगलं झालंय. आणि साहेब काय जन्मभर राहणार आहेत तिथं? कधीतरी आपलं कुणीतरी राहील. तेव्हा त्या घराला दारं किती आणि खोल्या किती, हे आपल्या पोरींना ठाऊक असलेलं बरं."

मला ते बोलणं तेव्हा पोरकट वाटलं. आजही पुरतं पटलेलं नाही. राहायला कुणीही आला तरी पातेली मांडायची ती मांडावीच लागणार, असं मी म्हटलं होतं. तू म्हणालीस, बघू. तो वाद तिथंच राहिला.

तुझा वर्ग आणि माझा वर्ग यांच्या मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत होती, त्यामुळं पुढचं सगळं मी ऐकलं. मुलींनी दोन दिवसांत माहिती पाठ केली. सगळ्या मिळून एका सुरात म्हणायच्या, "ह्या वाड्यात तीनशेहून अधिक खोल्या आहेत." तू विचारलंस, "म्हणजे किती?" मग आपल्या घरमालकांची नात म्हणाली, "बाई, आमच्या सगळ्या आळीत असतील तेवढ्या?"

"त्याहून जास्त."

"मग ते घर नाही बाई, ते गाव आहे."

सगळा वर्ग हसला. तूही हसलीस, पलीकडून मला ऐकू आलं. मग तू म्हणालीस की दिसल्याशिवाय कळायचं नाही.

रखमाही हसली, पण तिचं हसणं बाहेरून आलं. ज्यांनी आपली शाळा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. रखमा अस्पृश्यांच्या वस्तीतून यायची. तिचे वडील रेल्वेत रूळ दुरुस्तीच्या टोळीत होते. सरकारच्या कायद्यानं शाळेला तिचं नाव घ्यावंच लागलं होतं, पण बसायची ती व्हरांड्यात, खिडकीखाली. तिची पाटी उंबऱ्यावर ठेवली जायची. मधल्या सुट्टीत कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत ती ओंजळ करून उभी राहायची. तू तिची पाटी हातात घेऊन तपासायचीस, तेवढ्यावरूनही मोठ्या बाईंनी तुला दोनदा बोलावून समज दिली होती. तू ऐकून घ्यायचीस आणि दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा उचलायचीस.

चैत्र लागला होता. नदी आटून एका कडेला गेली होती आणि पंचवटीच्या खालच्या अंगाला वाळूचं मोकळं मैदान पडलं होतं. तू मोठ्या बाईंकडून भूगोलाच्या तासासाठी परवानगी काढलीस. घरमालकांच्या भट्टीतली राख पोत्यात भरून टांग्यात घातलीस. मीही माझ्या दुसरीच्या मुली घेऊन आले, कारण एवढ्या पोरी तू एकटी नदीवर नेणार म्हणजे एखादी बुडवशील अशी मला धास्ती.

सकाळभर तू राखेनं रेघा ओढत होतीस. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत करडे. मधोमध गोल दालन, ते दरबाराचं. दोन्हीकडे पंखांसारख्या लांब लांब खोल्यांच्या ओळी. पुढं पायऱ्या, मागं बाग. मग मुलींना सोडलंस. त्या दारातून आत शिरल्या, कोपऱ्यातून वळल्या, एकमेकींना हाका मारायला लागल्या. पार पलीकडच्या टोकाला गेलेली एक मुलगी ओरडली, "बाई, मला तुमचं काही ऐकू येत नाहीये!" तू ओरडून सांगितलंस, "म्हणजे आता कळलं तुला, केवढं आहे ते!"

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. इथं कोण राहतं? साहेब आणि मडम. बाकीच्या खोल्यांत? पाहुणे, कारभारी, नोकरचाकर. तरी उरतील त्यांत?

"उरतील त्या तुम्ही वाटून घ्या," तू म्हणालीस.

तो खेळ मी कधी विसरणार नाही. तांबटांच्या नातीनं आपल्या खोकणाऱ्या आजोबांना बागेकडची खोली दिली, तिथं धूर यायचा नाही म्हणून. एकीनं सासरहून परत पाठवलेल्या बहिणीला एक खोली दिली आणि दार आतून लावता येईल असं असू दे म्हणाली. माझ्या दुसरीतल्या एका चिमुरडीला एक अख्खी खोली फक्त न्हायला हवी होती. तिच्याकडे न्हाणीला दार नव्हतं. मी, जी सकाळपासून कुरकुरत होते, ती पाठ फिरवून नदीकडे बघत बसले.

वळून पाहिलं तर तू रेघेबाहेर पाहत होतीस. रखमा पायऱ्यांच्या पलीकडे वाळूत उभी होती.

"रखमा, तू बाहेर का?"

"इथनं दिसतंय बाई सगळं."

"बघायचं नाहीये नुसतं. आत ये."

रखमानं मुलींकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. मग अगदी साधेपणानं विचारलं, "कुठल्या दारानं येऊ?"

तिनं ते कुणाला टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. ज्या पोरीला प्रत्येक ठिकाणी कुठून जायचं आणि कुठं थांबायचं हे शिकवलेलं असतं, तिचा तो सरळ प्रश्न होता. तू रेघ ओलांडून बाहेर गेलीस. तिचा हात धरलास. "समोरच्या," म्हणालीस आणि पायऱ्यांवरून, मोठ्या दारातून, गोल दालनात तिला घेऊन आलीस. तिथं आसन म्हणून एक सपाट धोंडा ठेवला होता. त्यावर तिला बसवलंस. परकर गुडघ्यांवर ओढून ती अगदी कडेला टेकली.

खेळ थांबला. एक मुलगी मागं सरकून रेघेबाहेर गेली. मग दुसरी गेली. मी पाहिलं. तूही पाहिलंस, मला माहीत आहे. तू आवाज चढवून म्हणालीस, "आता रखमा आपल्याला ह्या वाड्याची माहिती सांगेल." आणि तिनं सांगितली. व्हरांड्यात खिडकीखाली बसून ऐकलेली सगळी माहिती, पायऱ्यांपासून घुमटापर्यंत, एकही शब्द न अडखळता. जिथं बाकीच्या नुसतं पाठ म्हणायच्या तिथं ती बोट करून दाखवत होती, हे इथं, ते तिथं.

आपण पूल ओलांडून शाळेत पोचायच्या आधी बातमी गावात पोचली होती.

त्या दिवसांत नाशकात अस्पृश्यांना देवळाच्या दारातून आत घ्यावं की नाही यावरून काय चाललं होतं ते सांगायला नको. वाटेवाटेवर पोलीस होते, घराघरांत माणसं तापलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दाराशी पालक उभे. एका मुलीची आई तुझ्या अंगावर ओरडली, "शिवाशिव करायला पाठवतो का आम्ही आमच्या मुली? घरी आल्याबरोबर डोक्यावरून न्हायला घातली!" तू म्हणालीस, "उन्हातून आली होती, बरंच केलंत." द्वारके, हे बोलायची काही गरज होती का? मी पदराआडून दोनदा तुझी बाही ओढली.

पण लेखी तक्रार झाली ती वेगळीच. शिवाशिवीबद्दल लिहिलं असतं तर सरकारी नियम आडवा आला असता. म्हणून त्यांनी लिहिलं की लाटसाहेबांच्या आसनाची विटंबना झाली, लहान मुलींच्या मनात राज्यकर्त्यांविषयी अनादर भरवला. ज्या गृहस्थांनी ते लिहिलं ते स्वतः खादी घालून सभांना बसायचे. तू मला रात्री जेवताना म्हणालीस, "बघ, एका पोरीला खाली बसवायला ह्यांना लाटसाहेब आपला वाटला." त्या वेळी मात्र मला तुझ्याशी भांडावंसं वाटलं नाही.

शाळामंडळाच्या चौकशीत मी साक्षीला होते. टेबलापलीकडून विचारलं गेलं, "त्या आसनावर तुम्ही कुणाला बसवलंत?"

"चौथीतल्या मुलीला."

"कुठल्या मुलीला?"

"जिला धडा सगळ्यांत चांगला येत होता तिला."

मग मला विचारलं. मी म्हटलं, बाई सांगतात ते खरं आहे, त्या मुलीला खरोखरच सगळ्यांत चांगला येत होता. एक वयस्क सभासद हळूच म्हणाले, "तुमचीही नोकरी आहे, बाई." मी म्हटलं, "हो, आहे." माझी राहिली. तुझी गेली. आणि ज्या डेप्युटीसाहेबांसाठी हा सगळा धडा, ते त्या वर्षी तपासणीला आलेच नाहीत.

त्यानंतर चारआठ दिवसांनी रखमाचे वडील आले. वर आले नाहीत, आळीत उभे राहिले, मुंडासं हातात. तू धावत खाली गेलीस. मी जिन्यात होते.

"बाई, तुमी चांगल्यासाठीच केलं," ते म्हणाले. "पन पोरीला आता वाटंत आडवत्यात. काल दगूड मारला. तिला मी घरीच ठिवतो."

"मला एकदा तिच्याशी बोलू द्या."

"नगं बाई. तुमी बोलला की ती पुन्यांदा हट धरंल."

तू वर आलीस आणि भिंतीला टेकून बसलीस. तेव्हा मी बोलले. आपलं सगळ्यांत मोठं भांडण ते. मी म्हटलं, "व्हरांड्यात का होईना, बसत होती. शिकत होती. आणखी दोन वर्षांत सातवीच्या वाटेला लागली असती, कुठंतरी बाई म्हणून चिकटली असती. तू तिला वाळूतल्या वाड्यात बसवलीस आणि तिचा खरा व्हरांडा गेला. तुझी हौस झाली आणि तिची शाळा गेली."

तू म्हणालीस, "ओंजळीत वरून पाणी घेत शिकायचं, ह्याला तू शिकणं म्हणतेस?"

"हो, म्हणते. मीही तशीच शिकले. डोकं खाली घालून, लोकांचं ऐकून घेत. तूही."

"म्हणून तर," तू म्हणालीस.

म्हणून तर काय? ते वाक्य तू पुरं केलं नाहीस. मी विचारलं नाही, रागात होते. नंतर कितीदा तरी विचारायचं मनात आलं आणि दर वेळी काहीतरी दुसरं निघालं.

गावात तुला कुणी ठेवून घेईना. पेठच्या एका शाळेत जागा रिकामी होती, कारण तिथं कुणी टिकत नव्हतं. डोंगराचा मुलूख, पावसाळ्यात घाट बंद आणि पावसाळा सरला की हिवताप. मी म्हटलं, जाऊ नकोस, माझ्या एकटीच्या पगारात दोघींचं भागेल. तू म्हणालीस, "तुझा गिचका नसलेला भात मला रोज सोसायचा नाही." आणि गेलीस. सर्व्हिस मोटारीच्या टपावर तुझी वळकटी बांधली तेव्हा तू पुढच्या बाकावर ड्रायव्हरशी घाटाबद्दल बोलत होतीस. मला वाटलं होतं रडशील. मीच रडले.

पहिल्यांदा मी तुला भेटायला आले ती माझ्या दिवाळीच्या सुट्टीत; तुझी शाळा तेव्हाही चालूच होती. कुडाची शाळा, वर गवताचं छप्पर, सारवलेली जमीन. मुलं भाताच्या कापणीवरून यायची, कुणी येताना धाकट्या भावाला कडेवर घेऊन. तू वाळली होतीस, डोळ्यांखाली काळं झालं होतं. आणि ह्या बाईनं भिंतीवर काय लावलं होतं? वर्तमानपत्रातून कापलेलं लाटसाहेबांच्या वाड्याचं चित्र!

"अजून हौस फिटली नाही?" मी म्हटलं.

"ऐक तरी," म्हणालीस. आणि मला दाखवायला मुलांना विचारलंस की ह्या घराबद्दल तुम्हाला काय विचारायचंय. त्यांनी दुमजली घरसुद्धा पाहिलेलं नव्हतं. एका मुलीनं विचारलं, "बाई, हितं चुली किती हायेत?" एकानं विचारलं, एवढं छप्पर दर साली शाकारायला गवत कुठून आणतात. आणि मागं बसलेली एक लहानगी उठून म्हणाली, "येवढ्या घरात येकट्याला त्येला भ्या नाय वाटत?"

तू मोठ्यानं हसलीस. नाशकात हसायचीस तशी. मग तुला हसताहसता थंडी भरून आली आणि दात वाजायला लागले. मुलांना सवय झालेली दिसली. दोघींनी न सांगता घोंगडी आणून तुझ्या अंगावर घातली आणि त्या पुन्हा जागेवर जाऊन बसल्या. हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या खाऊन तुझ्या कानांत सतत घुमायचं, मी बोलले ते तू अर्धं ऐकायचीस. मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर." तू म्हणालीस, परीक्षा झाल्या की येते.

मधल्या काळात मला रखमा भेटली. हे तुला सांगायचं राहिलं, ते आता सांगते. नाशिकरोड स्टेशनाच्या पलीकडे बायका इंजिनाच्या राखेतून अर्धवट जळलेले कोळसे वेचतात, त्यांत ती होती. लग्न झालं होतं. मला तिनंच ओळखलं. "बाई बऱ्या हायेत का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, पेठला आहेत, ताप येतो. ती टोपली खाली ठेवून उभी राहिली. मला तिला विचारायचं होतं, तुला त्या दिवसाचा राग येतो का गं? शाळा सुटली म्हणून वाईट वाटतं का? आपल्या भांडणाचा निकाल तिच्या तोंडून ऐकायचा होता मला. पण तिच्या काळ्या पडलेल्या हातांकडे बघून ते विचारायचं धाडस झालं नाही. एवढंच म्हटलं, "नदीवरचं आठवतं का?"

"आठवतं की," ती म्हणाली. "बाईंचा हात लई घामेजला व्हता. थरथरत व्हता."

तेवढं बोलून तिनं टोपली उचलली.

द्वारके, तू भ्यालेली होतीस! इतकी वर्षं मला वाटत होतं की तुला भीती म्हणून ठाऊकच नाही, आणि म्हणूनच तुझं वागणं मला कधीकधी खरं वाटायचं नाही. पुढं काय होणार हे तुला त्या रेघेपाशीच दिसलं होतं. ते मला दिसलं नाही, त्या मुलीच्या हाताला कळलं. हे तुला सांगायला, तुझ्याशी पुन्हा पहिल्यापासून भांडायला मी ह्या खेपेला पेठला निघाले होते.

मोटारीतून उतरले तेव्हा शाळेशी माणसं जमलेली दिसली. तू आदल्या दिवसापासून शुद्धीवर नव्हतीस. दवाखान्यातला कंपाउंडर येऊन गेला होता आणि आता काही हातात नाही म्हणाला होता. मी तुझ्या कानाशी तोंड नेऊन नाव घेतलं. तू डोळे उघडलेस, पण माझ्याकडे पाहिलं नाहीस. काहीतरी पुटपुटत होतीस. मला वाटलं माझं नाव घेतेस. कान लावला तर दुसरीचे पाढे होते. दुपार कलताकलता तेही थांबलं.

तुझ्या भावाला तार करायची तर तो येईपर्यंत दोन दिवस जाणार. गावातल्या म्हाताऱ्या पाटलानं मला विचारलं, "बाईंचं हितं कोन हाय?"

"मी आहे."

"मी म्हंजी कोन?"

काय सांगणार होते? बहीण नाही, जाऊ नाही, नणंद नाही. मी म्हटलं, "आम्ही एका घरात राहत होतो." तो म्हणाला, "मंग तुमीच लावा." बायकांनी अग्नी द्यायचा नसतो, हे नाशकात कुणीतरी नक्की म्हटलं असतं. तिथं कुणी म्हटलं नाही. शाळेतल्या मुलांच्या बापांनी तुला खांद्यावर घेतलं. तू त्यांच्या हातचं पाणी प्यायचीस, असं त्यांतला एकजण मला दोनदा सांगत होता, जणू मी त्याला नाही म्हणेन. लाकडं ओली होती. धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि तुझ्या पायाशी उभी राहून मला तुझा रागच आला होता. हे सगळं तुला टाळता आलं असतं, असं वाटत होतं. अजूनही वाटतं. रखमाच्या बाबतीत तू चुकलीस, असं मी आजही म्हणेन. तू समोर असतीस तर मला खोटं पाडायला काहीतरी बोलली असतीस, ते काय असतं ते मी रोज डोक्यात जुळवून पाहते आणि ते जुळत नाही.

अग्नी मी दिला, हे तुझ्या भावाला मी सांगितलेलं नाही. अस्थी त्याच्या हातात दिल्या, तेवढंच.

त्या दिवशी चिता पेटली तसे मोठे लोक एकेक करून मागं फिरले. मुलं गेली नव्हती. ओढ्याच्या काठी दगडांवर ओळीनं बसली होती, धाकट्यांना मांडीवर घेऊन. वाटेला लागण्याआधी त्यांतली एक मुलगी उठून माझ्यापाशी आली. मी बाई आहे एवढं तिला माहीत होतं. तिनं मान वर करून विचारलं, "बाई, उंद्या शाळा हाय का?"

मला दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं परत यायचं होतं. नाशकात माझा वर्ग होता, रजा एकाच दिवसाची होती. त्या शाळेत उद्या काही नव्हतं, आणि पुढं कधी काही असेल असंही मला वाटत नव्हतं.

"आहे," मी म्हटलं. "लवकर या."